फोटोतला बासरीवाला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण एका गाण्यावर नाव कमावून पुढे विस्मरणात गेलेल्या परदेशी गायकांवर पान छापलंत. त्यात तिसऱ्या रकान्यात ऑस्ट्रेलियाचा कॉलिन हे आहे. त्याला साडेनऊ ओळी मिळाल्या आहेत, मी मोजल्या. त्यांचा मथितार्थ असा की 'डाउन अंडर' हे एकच गाणं गाजलं, पुढे तेही लहान मुलांच्या गाण्यावरून चोरलेलं निघालं, कोर्टाने दणका दिला आणि गडी संपला. सोबत त्याच्या 'मेन ॲट वर्क' या बँडचा फोटो. फोटोत माणसं पाच, खाली ओळ 'कॉलिन हे व इतर'. मी पत्र लिहायला बसलो तो या 'व इतर'मुळे.

मी ठाकूरद्वारला राहतो. चौतीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजणारा कारकून, होतो आणि त्यातली पंचवीस वर्षं संध्याकाळी बासरी वाजवली. ऑर्केस्ट्रात वाजवली, भावगीतांच्या कार्यक्रमात वाजवली, रिसेप्शनला वाजवली, एकदा तर पिठाच्या गिरणीच्या उद्घाटनालाही वाजवली. नाव कुठे झालं नाही, नाईट मात्र रोख मिळायची. सांगायचा मुद्दा, 'व इतर' या आडनावाचा मला चांगला सराव आहे.

'डाउन अंडर' माझ्याकडे आलं ते १९८३ च्या मे महिन्यात. बोटीवरचा एक गोवेकर खलाशी होता, आम्ही त्याला पात्राव म्हणायचो. त्याच्याकडे परदेशी कॅसेटींची पेटी असे. दोन डझन हापूसच्या बदल्यात त्याने मला तीन कॅसेटी दिल्या, त्यातली एक या बँडची पहिली रेकॉर्ड, 'बिझनेस ॲज युज्वल'. घरी लावली तर पहिल्याच गाण्यात सॅक्सोफोन असा काही घुसला की आई स्वयंपाकघरातून विचारत आली, बाहेर वरात चाललीय का? आणि पुढे 'डाउन अंडर'मध्ये बासरी. आपली नव्हे, चाव्यांची, धातूची. पण फुंक ती फुंकच. रिवाइंड करून करून त्या जागेवर टेप ओढला गेला.

गाण्याचे शब्द मला तेव्हा अर्धेच कळले. व्हेजेमाइट सँडविच म्हणजे आपल्या चर्चगेटच्या व्हेज सँडविचचा कोणी भाऊ असावा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. (ते यीस्टचं काळं, खारट चाटण असतं. भाच्याने मेलबर्नहून एकदा बाटली आणली होती, तिचं पुढे काय झालं ते विचारू नका.) मात्र तिसऱ्या कडव्यात चक्क 'बॉम्बे' ऐकू आलं तेव्हा मी ताठ बसलो. गाण्यातला प्रवासी मुंबईत कुठल्याशा अड्ड्यावर पडलाय, जबडा लोंबतोय, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि समोरच्याला विचारतोय की बाबा, मला भुलवतोयस का, मी तर सुबत्तेच्या मुलखातून आलोय. मला रागच आला. शुक्लाजी स्ट्रीटचे चंडूखाने आम्हा गोदीवाल्यांना ठाऊक नव्हते असं नाही, पण जगभर वाजणाऱ्या गाण्यात मुंबईला जागा मिळावी ती तेवढीच? राग निवायला बरीच वर्षं गेली. टिंगल मुंबईची नाही, त्या भटक्या ऑस्ट्रेलियन पोराची आहे, आणि गाण्याच्या पोटात देश विकायला काढल्याचं दुःख आहे, हे गाणाऱ्यानेच मुलाखतींतून सांगितलंय. तरी जल्लोषाचं गाणं म्हणून लोक ते नाचत गातात. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शिडाच्या बोटीने अमेरिकेकडून 'अमेरिकाज कप' हिसकावला तेव्हा खलाशांचं हेच गाणं होतं, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपाला बँडने हेच वाजवलं. गाणं लोकांच्या तोंडी गेलं की कवीचं ऐकतं थोडंच!

आता आपल्या साडेनऊ ओळींकडे वळतो. या माणसाचं आडनाव 'हे' असल्यामुळे मराठीत वाक्य बांधताना पंचाईत होते, म्हणून मी त्याला कॉलिनच म्हणतो. तो जन्माने स्कॉटिश, १९५३ चा. सॉल्टकोट्स नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी आईवडिलांचं वाद्यांचं दुकान होतं. चौदाव्या वर्षी, १९६७ मध्ये, कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. मेलबर्नमध्ये १९७८ च्या सुमारास तो आणि रॉन स्ट्रायकर्ट दोघंच गिटार घेऊन वाजवायला लागले, मग ड्रमवर जेरी स्पायझर, बेसवर जॉन रीस, आणि बासरी, सॅक्सोफोन, कीबोर्ड असं सगळं सांभाळणारा ग्रेग हॅम आला. रिचमंड या वस्तीतल्या एका पबमध्ये त्यांचा जम बसला. पबचं नाव 'क्रिकेटर्स आर्म्स'. रिचमंड म्हणजे ते एमसीजीचं मैदान आहे ना, त्याला लागूनच.

'एकच गाणं' म्हणाल, तर तेही खरं नाही. 'हू कॅन इट बी नाऊ' हे गाणं अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं ते १९८२ च्या ऑक्टोबरात, 'डाउन अंडर'च्या आधी. 'डाउन अंडर' तिथे पोचलं जानेवारी १९८३ मध्ये. पुढच्या रेकॉर्डमधलं 'ओव्हरकिल' तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पहिली रेकॉर्ड अमेरिकेत १५ आठवडे अव्वल होती आणि १९८३ मध्ये नवोदित कलाकाराचं ग्रॅमी त्यांनाच मिळालं. हे सगळं बिचाऱ्या लेखकाला एका ओळीत बसवता आलं असतं.

पण पहिल्या क्रमांकाच्या या दोन्ही गाण्यांचा तोंडवळा कोणाच्या फुंकेत आहे, ते पाहा. एकात सॅक्सोफोन, दुसऱ्यात बासरी, आणि दोन्ही ग्रेग हॅमची. गाणारा तोंड उघडायच्या आत गाणं ओळखू येतं ते त्याच्यामुळे. 'डाउन अंडर'वर गीत-संगीत म्हणून नावं मात्र दोनच, कॉलिन हे आणि रॉन स्ट्रायकर्ट. आमच्या धंद्यात यात नवल काही नाही. अरेंजर म्हणतो, "अण्णा, इथे चार मात्रा रिकाम्या आहेत, भर काहीतरी," आणि आपण भरतो. गाणं बनवणारा एक, रिकाम्या मात्रा भरणारा दुसरा. दुसऱ्याचं घराणं 'व इतर'.

ती बासरी मी स्वतः वाजवली आहे, म्हणून एवढं बोलतो. १९८४ च्या गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्रातल्या एका पोराने 'वेस्टर्न आयटम' म्हणून हे गाणं बसवायचा हट्ट धरला. नोटेशन कुठून असणार! मी कॅसेट ऐकून पीस उतरवला. सहासात बासऱ्या चाचपल्या तेव्हा कुठे एक जवळपासच्या सुराची मिळाली, आणि अर्धी भोकं अर्धवट दाबून काम भागवलं. काळाचौकीच्या मंडळात वन्समोअर आला. पुढली रांग बहुतेक गिरणीवाल्यांची होती, संप संपल्यात जमा होता, आणि त्यांनी इंग्रजी गाण्याला वन्समोअर दिला, ही गोष्ट मला अजून उमगलेली नाही.

त्यानंतर तो पीस माझ्या बोटांत सव्वीस वर्षं राहिला आणि तो लहान मुलांच्या गाण्यातला आहे याचा मला पत्ता नव्हता. खुद्द ऑस्ट्रेलियालाही नव्हता! गाणं निघालं १९८१ मध्ये. २००७ मध्ये तिथल्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत विचारलं गेलं की या बासरीत कुठलं बालगीत दडलंय, आणि तेव्हा कुठे गवगवा झाला. ते बालगीत कुकाबुरा पक्ष्याचं, मेरियन सिंक्लेअर नावाच्या मेलबर्नच्या संगीतशिक्षिकेने १९३२ मध्ये केलेलं. बाई १९८८ मध्ये गेल्या. १९९० मध्ये त्या गाण्याचे हक्क लॅरिकिन या प्रकाशन कंपनीने ६,१०० ऑस्ट्रेलियन डॉलरांना घेतले. प्रश्नमंजूषेनंतर कंपनी जागी झाली आणि कोर्टात गेली. मिळकतीतला ४० ते ६० टक्के वाटा मागितला. फेब्रुवारी २०१० मध्ये न्यायमूर्ती जेकबसन यांनी स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला, आणि जुलैत वाटा ठरवला ५ टक्के, तोही २००२ पासून पुढचा. अपिलं २०११ मध्ये संपली.

आपण 'चोरलं' असा शब्द वापरलात म्हणून थोडं सुरांत सांगतो. बालगीत चार ओळींचं, एकामागून एक गट उचलत जातात तसलं. पहिली ओळ आपल्या भाषेत 'प प प प ध ध ध प ग प ग', दुसरी तीच, पण खाली सरकवून, 'ग ग ग ग म म म ग सा ग सा'. या दोन ओळी बासरीत आहेत, यात शंका नाही. मुलीने २०१० मध्ये कॉम्प्युटरवर ते गाणं लावलं आणि मी बासरी घेतली, तर बोटं आपोआप पडली. पण मूळ गाणं मेजरमधलं, म्हणजे पाश्चात्त्यांच्या हसऱ्या सुरावटीतलं, खेळतं. 'डाउन अंडर' मायनरमधलं, म्हणजे उदास सुरावटीतलं. सूर तेच, त्यांच्याखालचा षड्ज बदललेला. आपल्याकडे कोणीही मूर्च्छना शिकलेला सांगेल की सा हलवला की घर बदलतं. तोच 'प' इथे कोमल निषाद होऊन बसतो आणि हसरी ओळ उदास ऐकू येते. म्हणून तर अख्ख्या देशाने पंचवीस वर्षं ती ओळखली नाही. कायद्याला हे चालत नाही, कबूल. कायदा ओळी मोजतो. चित्रफितीत ग्रेग हॅम झाडावर बसून ती बासरी वाजवतो, जसा त्या बालगीतातला पक्षी झाडावर बसलेला असतो. विरुद्ध पक्षाला आयतंच सापडलं.

आता माझा गुन्हा. १९८६ मध्ये दादरच्या एका स्टुडिओत मी गणपतीच्या गाण्यांची कॅसेट केली. कंपनीचं नाव सांगत नाही, आता ती राहिलेलीही नाही. एका गाण्याच्या सुरुवातीला अरेंजरने सांगितल्याबरहुकूम मी 'काहीतरी' भरलं आणि ते होतं आपलं पावसाला पैसा देण्याचं बालगीत, थोडं वळवून. गणपती म्हणजे पावसाचे दिवस, म्हणून सुचलं असेल. खरं म्हणजे सुचलंही नाही, बोटं गेली. टेक ओके झाला, दीडशे रुपये मिळाले. कॅसेट निघाली तेव्हा इनले कार्डावर गायक, गीतकार, संगीतकार, तबला, अगदी छायाचित्रकारसुद्धा, आणि शेवटी 'व इतर साथी'. विचारायला गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "जागा संपली हो." ती कॅसेट दहाबारा वर्षं खपली. आमच्या गल्लीतल्या मंडळात ते गाणं अजून लागतं, आता पेन ड्राइव्हवरून. दरवर्षी पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला माझी बासरी मलाच झोपेतून उठवते.

ते बालगीत कोणाचंच नाही, म्हणून मी सुटलो. त्याची कर्ती कोणी गिरगावातली बाई असती आणि तिचे हक्क कोणी चार पैशांत घेऊन ठेवले असते, तर? 'व इतर साथी' असलेल्या माणसाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा छापून आलं असतं, फिर्यादीत. ग्रेग हॅमचं नेमकं हेच झालं. गाण्याच्या श्रेयात त्याचं नाव नव्हतं आणि ठपक्यात मात्र सगळीकडे आलं. आपण नक्कल करणारा म्हणून लक्षात राहू, याचं फार वाईट वाटतं, असं तो निकालानंतर बोलला होता. एप्रिल २०१२ मध्ये मेलबर्नच्या राहत्या घरी तो मृतावस्थेत सापडला. वय ५८. माझ्या रिटायरमेंटच्याही आतलं.

आपल्या लेखात तोही नाही. चोरी आहे, कोर्ट आहे, बासरी नाही.

'गडी संपला' याबद्दलही बोलतो, कारण ते सर्वांत चूक आहे. १९८५ नंतर बँड मोडला. कॉलिनने १९८७ मध्ये 'लुकिंग फॉर जॅक' ही एकट्याची पहिली रेकॉर्ड काढली, १९९० मध्ये दुसरी, आणि १९९१ मध्ये रेकॉर्ड कंपनीने त्याला नारळ दिला. तोवर तो लॉस एंजेलिसला जाऊन राहिला होता. मग माणसाने काय करावं? एक गिटार घेतली आणि 'लार्गो' नावाच्या छोट्या क्लबात एकटा गायला लागला. दोन गाण्यांच्या मध्ये गप्पा मारायच्या, स्वतःची फजिती सांगायची. आपल्याकडे कीर्तनकार उत्तररंगात रंगतो, त्यातलाच प्रकार. स्टेडियममधून शेदोनशे खुर्च्यांसमोर येणं सोपं नसतं. मी हाउसफुल्ल शिवाजी मंदिरातून सोसायटीच्या पूजेवर आलेलो माणूस आहे, मला विचारा. पूजेत समोरचा माणूस शिरा खात असतो आणि तुम्हाला त्याच्या डोळ्यांत बघून वाजवावं लागतं.

त्या काळातली 'गोइंग समव्हेअर' भाच्याने सीडीवर पाठवली. त्यात नुसती गिटार आणि गळा आहे. बँडच्या दिवसांत जो आवाज चढून बोलायचा, तो इथे शेजारी बसून बोलतो. 'ओव्हरकिल' हे रात्री झोप न येणाऱ्या माणसाचं गाणं मला बँडपेक्षा एकट्या गिटारवर जास्त भिडतं. त्यात ग्रेग हॅमचा सॅक्सोफोन नाही, आणि फुंकणाऱ्या माणसाने हे कबूल करणं जिवावर येतं, पण आहे ते आहे. २००२ मध्ये 'स्क्रब्ज' या अमेरिकी मालिकेत तो स्वतः गिटार घेऊन हेच गाणं गात हॉस्पिटलभर हिंडताना दिसला, आणि 'मेन ॲट वर्क' फुटला तेव्हा रांगत असलेल्या पोरांना तो ठाऊक झाला. २००४ मध्ये 'गार्डन स्टेट' या सिनेमात त्याचं एक विरहगीत घेतलं. बीटल्सच्या रिंगो स्टारने आपल्या फिरत्या बँडमध्ये त्याला २००३ पासून अनेकदा बरोबर घेतलं. रेकॉर्डी चालूच आहेत, २०२२ मध्येही एक आली. डझनावर रेकॉर्डी काढलेल्या माणसाला 'एका गाण्याचा मानकरी' म्हणायचं, तर मग आम्हाला काय म्हणाल?

त्याच २०२२ च्या सुरुवातीला माझा नातू मोबाइलवर काहीतरी धडधडणारं लावून बसला होता आणि त्यातून ओळखीची बासरी आली. लूड नावाच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने 'डाउन अंडर' नव्या ठेक्यावर केलं होतं. कॉलिनने त्यासाठी पुन्हा गायलं आणि ते इंग्लंडच्या पहिल्या पाचांत गेलं. नातवाला म्हटलं, ही बासरी मी वाजवलीय, काळाचौकीला. त्याने एक कान मोकळा करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, हे तर आत्ताचं आहे."

पत्र लांबलं, कापायचं तर कापा, व्हेजेमाइटचा भाग गेला तरी चालेल. मागणी एकच आहे. येत्या रविवारी दुरुस्तीच्या चौकटीत फोटोची ओळ नव्याने छापा. कॉलिन हे, रॉन स्ट्रायकर्ट, ग्रेग हॅम, जेरी स्पायझर, जॉन रीस. मी मोजून पाहिलं, आपल्या रकान्यात ही नावं दोन ओळींत बसतात. जागा संपली असं कृपया सांगू नका, त्याच पानावर पावसाळी चपलांची अर्धं पान जाहिरात आहे.

कळावे,
आपला,
अण्णा बासरीवाले
ठाकूरद्वार, गिरगाव, मुंबई

ता. क. – लेखात 'डाउन अंडर'चा अर्थ 'दबून राहिलेले' असा दिला आहे. तसा तो नाही. पृथ्वीच्या गोलावर खालच्या अंगाला असलेला देश म्हणून इंग्रज लोक ऑस्ट्रेलियाला तसं म्हणतात. नकाशा उलटा धरला तर खाली तेच येतील.